आठ नंबरची नोंद

४ जून

प्रिय मास्तर,

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं आणि मग तू नुसता ‘वहिनी, वहिनी’ करत बसतोस. म्हणून लिहितेय. दोनदा फोन कापला त्याचा राग धरू नकोस.

तुझ्या दादाने तुला अर्धवट सांगितलं असणार. त्याला कुठलीही गोष्ट पुरती सांगायची म्हणजे जिवावर येतं. तर ऐक. गेल्या आठवड्यात माझ्या वॉर्डातल्या आठ नंबरच्या आजींना इन्सुलिन दोनदा टोचलं गेलं. पहिलं मी दिलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून जेवण लवकर आलं होतं, म्हणून मीही रोजच्या वेळेआधी दिलं, समोर बसून चार घास खाऊ घातले, आणि ड्यूटी संपवताना टॅबवर नोंद केली : ‘आठ नंबर, इन्सुलिन दिलं आहे, पुन्हा देऊ नये.’ बरोबरची हिरवी खूण आली. टॅब बंद केला आणि निघाले. माझ्यानंतरच्या सिस्टरने टॅब उघडला तर तिला नोंदच दिसली नाही. तिने नेहमीच्या वेळेला पुन्हा दिलं. आजींची साखर इतकी उतरली की त्या बेशुद्ध पडल्या. अजून अतिदक्षता विभागात आहेत.

आजींनी त्या सिस्टरला सांगितलं होतं रे, ‘अगं, मला दिलंय मघाशी.’ पण टॅबवर नव्हतं ना! आणि म्हातारी माणसं काय, सारखी काहीतरी म्हणतच असतात. ती पोरगी वाईट नाही. पूर्वी आम्ही पलंगापाशी उभं राहून एकमेकींना तोंडी सांगायचो. तुमचे टॅब आले आणि ते बंद झालं, वेळ वाचतो म्हणून.

आता चौकशी बसली आहे. मी म्हणते, नोंद केली. टॅब म्हणतो, केली नाही. आणि टॅबला कुणी उलटतपासणी करत नाही. मला घरी बसवलंय. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, नोकरीचं काय ते पुढच्या महिन्यात ठरेल.

हा टॅबमधला प्रोग्राम तुझ्या कंपनीचा, आणि नोंद पाठवण्याचा भाग तुझ्या हातचा. म्हणून तुला एकच विचारते. तुमचं यंत्र कधी काही हरवतं का? तू चौथीत होतास तेव्हापासून माझ्या चुका काढत आलायस, मास्तर नाव पडलं ते उगाच नाही. तेव्हा माझी चूक असेल तर तेही सांग. पण नीट बघून सांग.

मी नोकरी जाण्याला घाबरत नाही. माझी आई आता माझ्याकडेच असते हे तुला माहीत आहे. ती सकाळी मला विचारते, ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ तिची सुरुवात कशी झाली होती आठवतंय? गॅस चालू राहायचा आणि ती अगदी शपथेवर सांगायची, ‘मी बंद केला होता, माझ्या या हातांनी.’ खोटं बोलत नव्हती ती. तिला तसं खरंच दिसत होतं.

मलाही तो टॅब दिसतोय, मास्तर. हिरवी खूण दिसतेय. म्हणून विचारते.

तुझी,
वहिनी


६ जून

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं आणि आधी दादाला फोन केला. तू जेवत नाहीस म्हणे. हे बरोबर नाही. बाकीचं काहीही असो, उपाशी राहून चौकशी लवकर संपत नाही.

तू विचारलंस म्हणून नीट बघितलं. तुझ्या त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी सर्व्हरवर आहेत, म्हणजे सगळ्यांचं साठवून ठेवणारं जे मुख्य यंत्र आहे त्यावर. आठ नंबरची तेवढी नाही. प्रोग्रामची रचना अशी आहे की नोंद टॅबमधून बाहेर पडल्याशिवाय हिरवी खूण येतच नाही. आणि बाहेर पडली तर पोचणारच, वाटेत काही सांडलं तर खालची यंत्रणा ते आपणहून पुन्हा पाठवते. हे माझं एकट्याचं म्हणणं नाही, सगळं जग त्यावर चालतं.

दुसरं असं की तुझ्या वॉर्डात इतक्या सिस्टर आहेत, एकीचीही नोंद हरवल्याची तक्रार आमच्याकडे नाही. यंत्र बिघडलं तर सगळ्यांसाठी बिघडतं गं. ते माणूस बघून चुकत नाही.

आता रागावू नकोस. तुझ्या घरी आई आहेत, दिवसभर उभं राहायची नोकरी आहे, दादाच्या कामाच्या पाळ्या आहेत. माणूस दमतं. दमल्यावर मनात ठरवलेलं आणि खरंच केलेलं यातली रेघ पुसट होते. माझंही होतं, परवा मी भाजी आणलीय असं समजून रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा सरळ सांगून टाक, की कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. इतक्या वर्षांची तुझी नोकरी, तुला कोणी फासावर देणार नाही. कबूल केलं की माणसं मऊ होतात.

आईंच्या आजाराचा आणि याचा काही संबंध नाही. ते डोक्यातून काढून टाक.

तुझा,
मास्तर


९ जून

भावजी,

तुमचं पत्र मिळालं. वेळ काढून बघितलंत, उपकार झाले.

तुमच्या दादांनाही पत्र दाखवलं. त्यांनी वाचलं, ‘हं’ म्हणाले आणि अंघोळीला गेले. म्हणजे त्यांनाही पटलं असावं.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. बाकीच्या सिस्टर नोंदी येता-जाता करतात. एका पलंगाचं झालं की लगेच टॅबवर बोट. मी तसं करत नाही. ड्यूटी संपताना मी पुन्हा एकदा सगळ्या पलंगांवरून फिरते, प्रत्येकाला हात लावून बघते, आणि मग जी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असेल ती अगदी शेवटी लिहिते, म्हणजे येणारीला ती सगळ्यात वर दिसावी. लिहिलं की लगेच बंद. त्या वेळी टॅबवर नुसता दंगा चाललेला असतो, नव्या पाळीची नावं, नवे पेशंट, कोणाचं काय, सगळं एकदम यायला लागतं. मी ते वाचत नाही. ते माझ्यासाठी नसतं.

यात काही फरक पडत असेल तर बघा. नसेल तर सोडून द्या.

तुम्ही म्हणता तसं कबूल करण्याबद्दल विचार करते आहे. तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटतं ते लोकांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

आपली,
वहिनी


२१ जून

प्रिय वहिनी,

तू ‘भावजी’ आणि ‘तुम्ही’ लिहिलंस ते वाचून मला चटका बसला. पण ते आता राहू दे.

उत्तराला उशीर झाला, कामात अडकलो होतो. तू लिहिलेली गोष्ट मी बघतो आहे. थोडी किचकट आहे. इतक्यात काही सांगता येणार नाही.

तोवर एक कर. हॉस्पिटलने कुठलाही कागद पुढे केला तरी त्यावर सही करू नकोस. कबुलीवर तर नाहीच नाही. मी आधी काय लिहिलं होतं ते विसर. कारण विचारू नकोस, मला सध्या लिहिता येत नाही. आमचे साहेब म्हणतात की काही गोष्टी कंपनीच्या बाहेर बोलायच्या असतात तेव्हा त्या वकिलाला विचारून बोलायच्या. ते चूक म्हणत नाहीत. त्यांच्याही मागे माणसं आहेत, आणि आणखी एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आम्हाला मिळायच्या बेतात आहे.

पुढच्या महिन्यात टॅबचा प्रोग्राम बदलून मिळेल तुमच्याकडे. नेहमीचीच सुधारणा आहे.

जेवत जा. दादाला सांग, मी बोलेन त्याच्याशी.

तुझा,
मास्तर


२ जुलै

प्रिय मास्तर,

तुझं पत्र आलं तेव्हा मी सही करून बसले होते. आधीच्याच दिवशी. तेव्हा ‘सही करू नकोस’ हे जरा उशिरा आलं. पण त्याने काही बिघडलं असं मला वाटत नाही. तू माझी दया येऊन लिहिलंस, कळलं मला. आधीच्या पत्रातलं तुझं खरं मत, आणि दुसरं पत्र मला वाईट वाटू नये म्हणून. लहानपणीही तू असंच करायचास, आधी फटकन बोलायचास आणि मग माझ्या मागे मागे फिरायचास.

कागदावर लिहिलंय की नोंद करायला मी विसरले. मोठ्या सिस्टरांनी समजावलं, ‘हलगर्जीपणा’ लिहिलं तर पुढे कुठेच काम मिळणार नाही, ‘विस्मरण’ लिहिलं तर निदान लोक कीव करतील. मी म्हटलं, विस्मरणच लिहा. तसंच असणार ते.

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. तुझ्या दादाला न सांगता गेले होते, पण त्याला कळलं. त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द सांगितले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारले. मला पाचही आले. मी लगेच उठून उभी राहिले, पास झालेल्या पोरीसारखी. तर म्हणाले, बसा, एवढ्यावरून काही सांगता येत नाही, तुमच्या आईंचं लक्षात घेता सहा महिन्यांनी पुन्हा या.

म्हणजे सहा महिने आता मी वाट बघायची.

घराची किल्ली मी तुझ्या दादाकडे दिली आहे. आईच्या गोळ्याही तोच देतो. मी नुसती बघते, हात लावत नाही. परवा शेजारची सून म्हणाली, ‘जरा बाळाला धरता का, दूध उतू जाईल.’ मी म्हटलं माझा हात दुखतोय. हात दुखत नव्हता. मला वाटलं, मी त्याला कुठेतरी ठेवीन आणि मला आठवणार नाही.

गंमत म्हणजे आईला यातलं काही कळत नाही आणि तिची आणि माझी आता जरा गट्टी जमली आहे. दोघी एकमेकींना विचारतो, ‘गॅस बघितला का?’ ती म्हणते, ‘तू बघ,’ मी म्हणते, ‘तू बघ.’ शेवटी दोघीही जातो.

आठ नंबरच्या आजी वाचल्या. जनरल वॉर्डात आणलंय त्यांना. मला भेटायला जायची हिंमत नाही.

एक विचारू? खरं सांग, खोटं सांगायचं नाही. तुला शाळेतून आणायला मी यायचे. इतकी वर्षं आले. कधी विसरले होते का? तू फाटकाशी उभा राहिलास आणि मी आलेच नाही, असं कधी झालं होतं का? मला आठवत नाही. पण मला न आठवणं याला आता काय अर्थ आहे?

तुझी,
वहिनी


५ जुलै

प्रिय वहिनी,

हे पत्र मी कंपनीला विचारून लिहीत नाही. याचीच एक प्रत हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना आणि मोठ्या सिस्टरांना आज पाठवली आहे. त्यांच्या प्रतीत घरचा मजकूर नाही, बाकी सगळं आहे. साहेबांना पाठवल्यावर सांगितलं.

तुझं ९ जूनचं पत्र आलं त्याच दिवशी मी एक टॅब घेऊन बसलो. त्यावर नोंद लिहायची आणि लगेच बंद करायचं, बाकीच्या सिस्टर करतात तसं नाही, तू करतेस तसं. काही झालं नाही. नोंद पोचत होती. मग तू लिहिलेला तो दंगा आठवला. आमच्या ऑफिसात तो नसतोच, आमच्याकडे ड्यूटी बदलत नाही. मी सर्व्हरकडून मुद्दाम नावं, याद्या, काय वाट्टेल ते टॅबवर पाठवायला सुरुवात केली, नेटवर्क तुमच्या वॉर्डासारखं रडतखडत केलं, आणि तशात नोंद लिहून बंद केलं. हिरवी खूण आली. सर्व्हरवर नोंद नाही. पुन्हा केलं. कधी पोचायची, कधी नाही. माझी पाचावर धारण बसली.

काय होतं ते सांगतो. टॅब आणि सर्व्हर यांच्यात बोलण्याची एक वाट उघडलेली असते, आम्ही तिला सॉकेट म्हणतो. दोघंही त्यातून एकाच वेळी बोलतात. आमचा प्रोग्राम असा आहे की तो एखादं काम संपेपर्यंत खोळंबत नाही. ‘ही नोंद पाठव, झालं की कळव’ असं सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो. ‘झालं’ असा निरोप आला की मी हिरवी खूण दाखवत होतो. पण त्या ‘झालं’चा अर्थ एवढाच, की नोंद टॅबने आपल्या दाराबाहेर ठेवली. समोरच्याने उचलली असा त्याचा अर्थ नाही. पाकीट पेटीत टाकलं म्हणजे पत्र मिळालं असं नसतं, आणि मी ते तसं धरून चाललो होतो. सांडलेलं पुन्हा पाठवलं जातं हे मी तुला लिहिलं होतं ते खरं आहे. पण वाट उघडी असेपर्यंतच. आम्ही वाटच मोडून टाकत होतो.

तू बंद करायला सांगितलंस की प्रोग्राम वाट एकदम मोडायचा. त्या क्षणी सर्व्हरकडून आलेलं काही न वाचता पडून असेल, तर वाट नीट मिटत नाही, तुटते. समोरच्याला कळवलं जातं की आता सगळं रद्द. मग सर्व्हर, आपण पाठवलेलं जे वाटेत असेल किंवा त्याच्या दाराशी येऊन पडलं असेल आणि त्याने अजून उचललं नसेल, तेही टाकून देतो. म्हणजे आपण समोरच्याचं न ऐकता उठलो, तर आपलं शेवटचं बोलणंही फुकट जातं.

बाकीच्या सिस्टर नोंद आधी करतात, बंद नंतर. त्यांच्या नोंदीला पोचायला वेळ मिळतो. शेवटची फेरी मारून, सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात शेवटी लिहिणारी तू एकटी. म्हणून हरवायचं ते तुझंच. आणि तुझ्याही इतर नोंदी नाहीत, नेमकी शेवटची. मी म्हटलं होतं यंत्र माणूस बघून चुकत नाही. हे चुकत होतं.

योग्य पद्धत मला माहीत नव्हती असं नाही, कुठल्याही पुस्तकात असते. आधी सिस्टरकडून नवीन नोंद घेणं थांबवायचं. मग समोरच्याला सांगायचं, ‘माझं बोलून संपलं,’ आणि वाटेची फक्त बोलण्याची बाजू मिटायची. ऐकण्याची उघडी ठेवायची. तो जे पाठवेल ते शेवटपर्यंत वाचायचं, कामाचं असो नसो. त्याने नोंद मिळाल्याचं सांगितलं की मगच हिरवी खूण. त्याचंही बोलून संपलं, सांगून ठेवलेल्या सगळ्या कामांचे निरोप परत आले, की मगच वाट पूर्ण मिटायची. जन्मभर थांबायचं नाही, एक मर्यादा ठेवायची. आणि मर्यादा ओलांडली तर माणसाला तोंडावर सांगायचं, ‘नोंद पोचली की नाही ते माहीत नाही, तोंडी सांगून जा.’ आता असं केलं आहे.

मग आधी का केलं नव्हतं? वहिनी, आधी मी एक ठिगळ लावलं होतं. बंद करण्यापूर्वी प्रोग्राम थोडा वेळ नुसता थांबायचा. त्यात शास्त्र काही नव्हतं, पण तेवढ्यात सगळं पोचून जायचं. मागे मी तुमच्याकडे आलो होतो, तू वाढत होतीस, आणि म्हणालीस, ‘मास्तर, तुझं यंत्र मिटायला इतके आढेवेढे घेतं की तेवढ्यात माझी बस निघून जाते.’ दादा हसला. मला लागलं ते. परत आल्या आल्या मी ते थांबणं काढून टाकलं. मला वाटलं, वहिनीची बस चुकायला नको. पुढच्या आठवड्यात तुझा मेसेज आला होता, ‘मास्तर पास.’

हे सगळं मला १३ जूनला कळलं होतं. तुला कळवलं नाही. साहेब म्हणाले, गुपचूप दुरुस्त करू, कोणाचं नुकसान व्हायला नको. मी मूग गिळून बसलो. तुला ‘सही करू नकोस’ एवढं लिहिलं आणि मला वाटलं, मी माझं कर्तव्य केलं. तू डॉक्टरांकडे गेलीस ते वाचल्यावर मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो होतो.

दोष प्रोग्रामचा आहे आणि प्रोग्राम माझा आहे. चौकशीला बोलावलं तर मी येईन आणि हेच सांगेन. तुझी नोकरी परत मिळायला याचा उपयोग होईल असं मला वाटतं.

माफ कर असं लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. माफ कर. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

तुझा,
मास्तर


१९ जुलै

मास्तर,

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा दादा घरी नव्हता. मी ते उभ्यानेच वाचलं. यंत्राचा भाग दोनदा वाचला, मग शेजारच्या सुनेला वाचायला लावला आणि तिला विचारलं, याचा अर्थ काय होतो? ती म्हणाली, ‘काकू, याचा अर्थ तुम्ही लिहिलं होतं.’ मी तिला म्हटलं, पुन्हा सांग. बिचारीने तीन वेळा सांगितलं.

मग मला इतका संताप आला, की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. चौथीतल्या पोराला मारतात तसं नाही. मोठ्या माणसाला मारतात तसं.

चौकशीवाल्यांनी मला बोलावलं होतं. तुझं पत्र त्यांच्यापुढे होतं. मोठ्या डॉक्टरांनी तुमचा जुन्याच प्रोग्रामचा टॅब मागवला, तुमच्या कंपनीचा माणूस आला होता, त्याच्याकडून सगळ्यांसमोर करवून घेतलं. पहिल्या खेपेला नोंद पोचली आणि त्या माणसाच्या जिवात जीव आला. दुसऱ्या खेपेला गेली ती गेलीच. माझी सही असलेला कागद मी परत मागितला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तो रद्द करतो आहोत, फाइलला तसाच राहील. मी म्हटलं, फाइलला राहू दे, पण त्यावर मोठ्या अक्षरात लिहा की हे खोटं आहे. त्यांनी लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून कामावर ये म्हणाल्या. मी त्यांना एकच अट घातली, की टॅब असो नसो, पाळी बदलताना पलंगापाशी उभं राहून तोंडी सांगायचं. तेही कबूल झालं.

आठ नंबरच्या आजींना भेटून आले. त्यांना म्हटलं, आजी, तुम्ही सांगितलं होतंत ते खरं होतं. त्या म्हणाल्या, ‘मला माहीत आहे गं. मला कशाला सांगतेस? त्यांना सांग.’

तुझी नोकरी गेली हे तुझ्या दादाकडून कळलं. तो मला सांगणार नव्हता, पण त्याला काही लपवताही येत नाही, नुसता भिंतीकडे बघत चहा पितो. वाईट वाटलं. खूप वाटलं. माझ्यासाठी गेली म्हणून मी तुझे आभार मानणार नाही, कारण ते तू आधीच करायचं होतंस. पण केलंस. हेही मी विसरणार नाही.

बसबद्दल लिहिलंस ते वाचून मी रडले. मी सहज म्हटलं होतं रे. माझी बस चुकली असती तर मी पुढच्या बसने आले असते.

आता माझा राग कशाचा आहे ते ऐक. नोंद हरवली याचा नाही. वस्तू हरवतात, माणसंही हरवतात, माझी आई माझ्या डोळ्यांसमोर हरवते आहे. गुपचूप बसलास त्याचा आहे, पण तोही एक दिवस जाईल. खरा राग याचा, की मी तुला म्हटलं मी लिहिलं होतं, तर तू आधी यंत्राला विचारलंस आणि यंत्राचं ऐकून मला दमलेली ठरवलंस. इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन तुला एकदाही वाटलं नाही, की वहिनी म्हणतेय तर असेल? दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी डॉक्टरांकडे गेले नसते. तू म्हणालास म्हणून गेले.

आणि तुझ्या त्या एवढ्या मोठ्या पत्रात सॉकेट आहे, सर्व्हर आहे, साहेब आहेत, तुझी लाज आहे, माझी नोकरी आहे. मी ते पत्र इकडून तिकडे धुंडाळलं. शाळेच्या फाटकाबद्दल विचारलं होतं त्याचं उत्तर नाही. आणि ‘वहिनी, तू विसरली नव्हतीस’ एवढं एक वाक्य नाही. शेजारच्या सुनेने म्हटलं, मोठ्या डॉक्टरांनी म्हटलं. तू नाही म्हटलंस.

ते मला लिहून नको आहे. हे पत्र मिळालं की फोन कर. मी उचलेन, आणि रडले तरी तू बोलणं सोडायचं नाहीस. आधी ते एक वाक्य म्हण. मग बाकीचं बोलू.

तुझी,
वहिनी